रेडिओ-तरंग तापन (अणुसंमीलन)

टोकामॅकसारख्या, चुंबकक्षेत्राने प्लाझ्मा कोंडून ठेवणाऱ्या संमीलन-यंत्रातील प्लाझ्माला रेडिओ व सूक्ष्म तरंगांनी ऊर्जा पुरविण्याची पद्धत. प्लाझ्मातून विद्युत् प्रवाह सोडला की तो तापतो, पण तापमान वाढेल तसा त्याचा विद्युत् रोध घटत जातो. त्यामुळे संमीलनाला लागणारे दहा कोटी अंशांहून अधिक तापमान एवढ्यावर गाठता येत नाही आणि बाहेरून ऊर्जा द्यावी लागते.

चुंबकक्षेत्रात आयन व इलेक्ट्रॉन ठराविक वारंवारतेने फिरतात. एक टेस्ला क्षेत्रात प्रोटॉन सुमारे १५ मेगाहर्ट्झने, तर इलेक्ट्रॉन २८ गिगाहर्ट्झने. तरंगाची वारंवारता या फेऱ्यांशी जुळली की ऊर्जा शोषली जाते. आयनांसाठीचे तरंग निर्माण करण्यास शक्तिशाली निर्वात नळ्यांचे प्रवर्धक वापरतात. खरी डोकेदुखी अँटेनाची असते. प्लाझ्माच्या विरळ कडेतून हे तरंग नीट पुढे सरकत नाहीत, म्हणून अँटेना प्लाझ्माच्या अगदी जवळ बसवावी लागते. प्लाझ्माची कड जरा हलली, तरी शक्ती परावर्तित होऊन प्रवर्धकाकडे परतते.

इलेक्ट्रॉनांसाठी जायरोट्रॉन ही सूक्ष्म तरंग निर्माण करणारी नळी असते. फ्रान्समधील ईटर या संमीलन प्रकल्पासाठीचे जायरोट्रॉन १७० गिगाहर्ट्झचे, प्रत्येकी सुमारे एक मेगावॉट शक्तीचे आहेत. ही शक्ती बाहेर पडते ती कृत्रिम हिऱ्याच्या, दोन मिमी.हूनही पातळ चकतीतून. हिरा येथे चैन नव्हे. उष्णता इतक्या झटपट वाहून नेणारा दुसरा पारदर्शक पदार्थ सहसा मिळत नाही.

तिसऱ्या पद्धतीतील निम्न-संकर (लोअर हायब्रिड) तरंग मुख्यतः प्लाझ्मातील विद्युत् प्रवाह टिकविण्यास वापरतात. फ्रान्सच्याच वेस्ट या टोकामॅकमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा तरंगांच्या साहाय्याने प्लाझ्मा १,३३७ सेकंद टिकला. भारतात गांधीनगरजवळील प्लाझ्मा अनुसंधान संस्थेच्या आदित्य व एसएसटी-१ या टोकामॅकवर या तिन्ही पद्धतींचे काम झाले आहे.