बिघाडाची तारीख

संगणक मध्येच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होतो, हा सगळ्यात चिवट बिघाड. दुरुस्तीवाल्यासमोर तो होतच नाही. दुकानात मशीन दिवसभर गुमान चालतं आणि घरी आणलं की संध्याकाळी पुन्हा तेच. नुसते स्क्रू काढून असा दोष सापडत नाही. तो कधी झाला, त्याआधी काय घडलं, आसपास काय चालू होतं, हे एकापुढे एक लावत जावं लागतं. थोडक्यात, हे काम इतिहासाचं आहे.

संगणकाच्या बिघाडांतली सर्वांत प्रसिद्ध नोंद अशीच आहे. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्ड विद्यापीठातल्या ‘मार्क टू’ या अवाढव्य यंत्राच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. यंत्र चालवणाऱ्यांनी तो चिकटपट्टीने वहीत चिकटवला आणि शेजारी वेळ लिहिली : 15:45. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत त्याच्याही आधीची. सगळे त्या पानावरचा किडा बघतात, माझं लक्ष मात्र वेळेकडे जातं.

आमच्या दिव्यातल्या घरी 2007 साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला संगणक होता. ताई त्यावर दोन दुकानदारांचे हिशेब करायची. मशीन रिस्टार्ट झालं की सेव्ह न केलेल्या नोंदी जायच्या, एकदा तर महिन्याची अख्खी फाइलच खराब झाली. एक दुकानदार म्हणाला, “काम झालं नाही तर तसं सांग की, कॉम्प्युटरचं नाव कशाला घेतेस?” त्या महिन्याचे निम्मे पैसे त्याने कापले. दुरुस्तीवाल्याचा उपाय ठरलेला होता : फॉरमॅट मारू.

त्या काळी हा सल्ला अगदीच चुकीचा होता असंही नाही. 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीची मूळ रचनाच अशी होती, की गंभीर चूक झाली की निळा पडदा क्षणभर चमकायचा आणि मशीन स्वतःहून रिस्टार्ट व्हायचं. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म जगभर पसरला. तो लागलेल्या संगणकावर साठ सेकंदांची उलटी मोजणी दिसायची आणि मशीन बंद व्हायचं. त्याच सुमारास तिसरंही दुखणं होतं. तैवानमधल्या काही कंपन्यांच्या कपॅसिटरमधलं रसायन सदोष निघालं. मदरबोर्डवरची ती छोटी नळकांडी वर्ष-दोन वर्षांत माथ्यावर फुगायची, गळायची. डेल कंपनीने 2005 मध्ये अशा मशीनच्या दुरुस्तीसाठी सुमारे 30 कोटी डॉलर बाजूला काढले होते. रोग तीन, लक्षण एकच. फॉरमॅटने त्यातला फार तर एखादा बरा होतो आणि आधीच्या सगळ्या खुणा मात्र पुसल्या जातात.

ताईने हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत एकोणीस नोंदी झाल्या. त्यातल्या चौदा दोनच वेळांना होत्या : सकाळी सहाच्या आसपास, म्हणजे इमारतीचा पाण्याचा पंप सुरू व्हायचा तेव्हा, आणि संध्याकाळी लोडशेडिंग संपून वीज आल्यानंतरच्या काही मिनिटांत.

यामागचं कारण सोपं आहे. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सात पट प्रवाह क्षणभर ओढते आणि तेवढा वेळ व्होल्टेज खाली येतं. बल्ब नुसता मिचकावतो. संगणकाचा पॉवर सप्लाय, म्हणजे आपला एसएमपीएस, असा झोका साधारण 16-17 मिलिसेकंद पेलेल अशा बेताने बनवतात. आपल्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं, म्हणजे तेवढीही सवड नाही. आतला कपॅसिटर जुना झाला की ही सवड आणखी घटते. मग ‘वीज ठीक आहे’ असा जो संदेश सप्लाय सतत मदरबोर्डला देत असतो, तो तुटतो आणि प्रोसेसर थांबतो. पुढच्याच क्षणी वीज सावरते, संदेश परत येतो आणि मशीन काही झालंच नाही अशा थाटात पहिल्यापासून सुरू होतं.

पण ही वीज अशी का होती? दिव्याहून कल्याणकडे जाताना डोंबिवलीपुढे ठाकुर्ली लागतं. 1920च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेने तिथे विजेच्या गाड्यांसाठी स्वतःचं चोळा पॉवर हाउस उभारलं. रुळांवरच्या विजेची सोय अशी वेगळी झाली. रुळांशेजारची घरं 1960 मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळावर अवलंबून राहिली. मे 2001 मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला, जून 2005 मध्ये मंडळाचं विभाजन झालं आणि त्या वर्षांत राज्यभर तुटवडा होता. मुंबई शहर भारनियमनातून बहुतांशी सुटलं, खाडीपलीकडचे आम्ही त्यात होतो. गावाचं नाव दिवा, यावरचे विनोद तेव्हा आमच्याकडे मुबलक होते. शिवाय स्टेशनाभोवती चाळी आणि इमारती भराभर वाढत होत्या. वीज आली की सगळ्यांचे फ्रीज आणि पंप एकदमच सुरू व्हायचे.

ताई ती वही घेऊन दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने आकडे वाचले, फॉरमॅटचं नावही काढलं नाही. एसएमपीएस बदलला, मदरबोर्डवरचे तीन फुगलेले कपॅसिटर बदलले आणि यूपीएस घ्यायला लावला. रिस्टार्ट थांबले. कापलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. तेव्हा मला उमगलं, की पुरावा नसला की बिघाडाचं खापर यंत्रावर फुटत नाही, यंत्रासमोर बसलेल्या माणसावर फुटतं.

12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा-पडघा वाहिन्यांवरच्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या, ऑनलाइन परीक्षा खोळंबल्या. त्या दिवसाची नोंद सगळीकडे आहे. पंपामुळे क्षणार्धात बसणाऱ्या झोक्याची मात्र बातमी होत नाही आणि लॅपटॉप-मोबाइलची बॅटरी तो आपल्याला जाणवूही देत नाही.

ज्यांचं काम, गेमिंग किंवा एडिटिंग आजही डेस्कटॉपवर चालतं, त्यांनी फॉरमॅटआधी विंडोजचं ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावं. तिथे ‘कर्नेल-पॉवर 41’ अशी नोंद दिसली, तर मशीन रीतसर बंद न होता थांबलं एवढंच कळतं. त्यासोबत बगचेकचा क्रमांक शून्य असेल तर संशयाची सुई एसएमपीएस, उष्णता किंवा घरच्या विजेकडे वळते. दुसरा क्रमांक असेल तर ड्रायव्हर आणि रॅमकडे. पंप कधी लागला, लिफ्ट कधी हलली, शेजारचा एसी कधी सुरू झाला, हे संगणकाला ठाऊक नसतं. ते वहीत आपणच लिहायचं, वेळेसकट.