आधी साहेबांची शाळा

मंडळी, आमच्या नातेपुत्याची कागदपत्रांची बरीच कामं तालुक्याला, माळशिरसला असतात. कागद एका टेबलावर अडला की आपण कारकुनाकडे बोट दाखवतो. इतिहास मात्र आधी साहेबांकडे बघायला सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हजारो इंजिनियरांना कामाचा दर्जा सुधारायचं आकडेशास्त्र शिकवलं गेलं. युद्ध संपलं आणि बहुतेक ठिकाणी ते तक्ते गुंडाळले गेले. का? एडवर्ड्स डेमिंग यांचं म्हणणं, वरिष्ठांना त्यातलं काही कळलंच नव्हतं! म्हणून 1950 साली जपानला गेल्यावर त्यांनी इंजिनियरांच्या जोडीला कंपन्यांच्या प्रमुखांनाही समोर बसवलं. 1954 साली जोसेफ जुरान गेले, तेही व्यवस्थापकांचे वर्ग घ्यायला. पुढचं जपान आपल्याला माहीत आहेच.

आपल्याकडे 1980 च्या दशकात अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची बैठक, दप्तराची मांडणी आणि कामाची रीत बदलली. 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजलं ते. पुढे पुणे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवींनी 'झिरो पेंडन्सी'चा आग्रह धरला, त्यात आपला सोलापूर जिल्हाही आला. दोन्हीकडे सुधारणेच्या पाठीशी साहेब स्वतः उभे होते.

पण साहेबांची बदली होते हो.. पद्धतीचं परिपत्रक जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवता येतं, पाठीराखा पाठवता येत नाही. तो घडवावा लागतो.

म्हणजे त्याला शिकवायचं काय? माझ्या मते चार गोष्टी. कोणतं काम आधी सुधारायचं ते ठरवणं. त्यासाठी माणसं आणि वेळ मोकळा करून देणं. दुसऱ्या खात्यात अडलं तर स्वतः फोन उचलणं. आणि दर आठवड्याला न चुकता, न रागावता, "कुठवर आलं?" हे विचारणं. पाचवी गोष्ट सगळ्यात अवघड: आपल्यानंतर येणाऱ्याला हे सगळं नीट सोपवून जाणं.

हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात माऊलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावून दिली. ते गेले, तरी पालखी दरवर्षी आमच्या गावी मुक्कामाला येते. दिंड्यांचा क्रम ठरलेला, चोपदार ठरलेले. कचेरीतल्या सुधारणेलाही असंच माणसामागून माणूस मिळायला हवं.

तुम्हाला काय वाटतं?