तंजावूरची रुग्णपत्रे आणि प्रतिकारशक्तीची जनुके

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी आहेत. प्रत्येक रुग्ण स्वतंत्रपणे नोंदलेला.

एकाच लसीला दोन शरीरे वेगळा प्रतिसाद का देतात, याचे एक कारण बी-पेशींवरील ग्राहींच्या जनुकांत आहे. जनुकांचे तुकडे जोडून हे ग्राही घडतात, हे सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ मध्ये उंदरांत दाखवले. मात्र मूळ तुकडेही माणसागणिक वेगळे असतात. आयजीएचव्ही१-६९ जनुकातील एका अमिनो आम्लाच्या फरकाने फ्लूविरोधी प्रतिपिंडांचा एक महत्त्वाचा प्रकार घडण्याची शक्यता बदलते.

संदर्भसंचात भारतीय नमुने अपुरे असतील, तर आपली जन्मजात रूपे नंतरची उत्परिवर्तने म्हणून वाचली जातील. म्हणूनच रुग्णागणिक नोंदीची ती शिस्त जनुकांच्या अभ्यासातही हवी.