‘ध’चा ‘मा’ आणि लेखनसीमा

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेलें कुरुंदवाड हें पटवर्धन घराण्याच्या एका शाखेचें गांव. त्र्यंबक हरि पटवर्धन यांच्या वंशजांचें हें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. पेशवाईंत पटवर्धन सरदार कर्नाटकाच्या स्वाऱ्यांत गुंतलेले असत आणि छावणी व पुणें यांच्यामध्यें जासुदांच्या जोड्या पत्रें घेऊन धांवत. ही दप्तरें मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनीं ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या खंडांतून प्रकाशांत आणलीं. मजकुराच्या नादांत या पत्रांच्या बाह्यांगाकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

मराठेशाहींतील राजपत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटीं मोर्तब असे. पत्र कोणाचें, हें शिक्का सांगे. मजकूर येथें संपला, हें लेखनसीमेची लहान मुद्रा सांगे. तिच्यापलीकडे कोणी ओळ वाढविली, तर ती खोटी ठरे. कागदाचे बंद जेथें चिकटवीत, तेथें पाठीमागें सांध्यावरहि ठसा उठवीत. त्यामुळें मधला बंद बदलणें अवघड पडे.

परंतु दोन मुद्रांच्या मधल्या अक्षरांचें काय? ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या आज्ञेंतील ‘धरावें’ या शब्दाचा ‘मारावें’ झाला, अशी आख्यायिका आहे. तिचा आळ आनंदीबाईवर येतो. कथा खरी असो वा नसो, तिच्यांतील भय खरें आहे. पत्र शत्रूच्या दृष्टीस न पडतांहि बिघडूं शकतें. गुप्तता वेगळी, अस्सलपणा वेगळा.

गुप्ततेची विद्याहि महाराष्ट्रांत होती. महानुभाव पंथीयांनीं आपले ग्रंथ सकळ नांवाच्या सांकेतिक लिपींत शतकानुशतकें जपले. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं त्या लिपीची किल्ली प्रसिद्ध केली आणि एकाच किल्लीनें पोथ्यांचें मोठें भांडार उघडलें. पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी चालेल, किल्ली तेवढी पडूं नये, हा नियम डच पंडित कर्कहॉफ्स यानें १८८३ सालीं मांडला होता.

आज पत्रें माणसेंच लिहितात असें नाहीं. विजेचा मीटर, दारावरचा कॅमेरा, शेतावरचा पंप हींहि इंटरनेटवरून निरोप धाडतात. ‘पंप बंद कर’ या निरोपाचा वाटेंत ‘चालू कर’ झाला, तर तो ‘ध’चा ‘मा’च होय. या यंत्रांची बुद्धि तोकडी, स्मरण अल्प आणि वीज बेताची. मोठ्या संगणकाचें गणित त्यांस झेंपेलच असें नाहीं. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेनें हलक्या गुप्तलेखनाची स्पर्धा ठेविली आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें ‘ॲस्कॉन’ ही पद्धति निवडली. २०२५ सालीं तिचें मानक प्रसिद्ध झालें. ॲस्कॉन निरोप झांकतें आणि शेवटीं १२८ बिटांचें मोर्तब उठवितें. हें मोर्तब किल्ली आणि निरोपांतील प्रत्येक अक्षर यांतून घडतें. एक अक्षर हाललें कीं तें जुळत नाहीं, आणि निरोप टाकून दिला जातो. पेशवाईच्या मुद्रेस जें साधलें नाहीं, तें येथें साधलें.

तथापि विद्येनें आळसाचें निवारण होत नाहीं. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या उपद्रवी प्रोग्रॅमनें लाखों कॅमेरे आणि राउटर अंकित केले. त्यानें कोणतेंहि गुप्तलेखन फोडलें नाहीं. कारखान्यांत घातलेले आणि घरधन्यांनीं कधीं न बदललेले साठएक पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले, एवढेंच. त्याच फौजेच्या जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेंतील कितीएक मोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं.

जुन्या दरबारांत शिक्का विश्वासू माणसाच्या स्वाधीन असे, कारण मुद्रा चोरास मिळाली तर तिचा प्रत्येक ठसा अस्सलच उठतो. घरांतील यंत्रांची मुद्रा आतां घरधन्याच्या हातीं आली आहे.