जुन्या लाकडाला नव्याची जोड

देवालयाच्या जीर्णोद्धारात सुताराचे काम संपले की रंगाचा प्रश्न उभा राहतो. सभामंडपातील कुजलेल्या खांबाच्या जागी नवे सागवान बसते. परंतु शेजारच्या पुरातन खांबांत ते परक्यासारखे उठून दिसते. मग ‘रंग जुळवा’ अशी आज्ञा सुटते. कोणत्या रंगाशी, हे मात्र क्वचितच ठरते.

जुन्या लाकडाचा वर्ण कोणा एकाने दिलेला नसतो. ताज्या सागवानातील विषम छटा उजेड लागून निवळतात व ते सोनेरी तपकिरी होते. त्यावर समयांची काजळी, तेल आणि भाविकांचे हात यांचे थर चढतात. म्हणून आधी जुने हलक्या हाताने स्वच्छ करावे, मग नव्याचा नमुना त्याच लाकडाच्या तुकड्यावर घेऊन दिवसा व समईच्या प्रकाशातही पाहावा. जुनेच रंधून नव्यासारखे करण्याची युक्ती सर्वांत घातक; तीत कोरीव कामाच्या कडाच नाहीशा होतात.

या कामी लाख आम्हांस श्रेष्ठ वाटते. लाक्षागृहामुळे तिची अपकीर्तीच अधिक झाली. परंतु एकोणिसाव्या शतकात युरोपात गाजलेले फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटात विरघळवलेली चपडा लाखच होय. कापसाच्या पुरचुंडीने दिलेला तिचा नवा थर लाखेच्याच जुन्या थरात मुरतो, आणि न साधल्यास स्पिरिटाने उतरवताही येतो. पॉलियुरेथेनचा थर असा विरघळत नाही. तो खरवडताना लाकूडही जाते.

रंग जुळला, तरी नव्याने जुने म्हणून मिरवावे काय? १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले की, बदललेला भाग एकंदर वास्तूशी सुसंगत असावा, तरी मुळाहून वेगळा ओळखता यावा. आम्हां वकिलांस यात नवल नाही. दस्तऐवजात शब्द बदलला तर तेथे सही करावी लागते. न केल्यास पुढे साऱ्या कागदावरच संशय येतो. इंदूरच्या राजवाड्यासारखी, १९८४ च्या आगीची झळ सोसलेली वास्तू पाहताना मूळ कोणते व भर कोणती, हे अभ्यासकास कळलेच पाहिजे.

उपाय सोपा आहे. नव्या खांबाच्या मागील अंगास, तळाशी, छिन्नीने साल कोरावे. लाखेचा हात त्यावरूनही खुशाल फिरवावा.