हत्ती राहिला, पीलखाना गेला

कोल्हापूरचा जुना माणूस पत्ता सांगताना अजून 'साठमारीजवळ' म्हणतो. साठमारी म्हणजे राजर्षी शाहू महाराजांच्या काळातलं हत्तीच्या खेळाचं मैदान. जाड दगडी भिंतीचं रिंगण, आत आडोशाला बुरूज आणि भिंतीत ठेवलेल्या अरुंद वाटा. माणूस अंग चोरून निसटेल, पण हत्तीचं डोकं आत शिरणार नाही, एवढ्याच रुंद. मस्तीवर आलेला नर हत्ती आत सोडायचा. हलक्या अंगाच्या साठमारांनी त्याला फडकं दाखवून, भाल्यानं टोचून डिवचायचं आणि तो अंगावर आला की वाटेतून पसार व्हायचं. शौक मूळचा बडोद्याचा. महाराजांची सासुरवाडी तिथलीच. १८९१ साली खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचं लग्न झालं. बडोद्याच्या गायकवाडांकडं हा खेळ त्याच्या कितीतरी आधीपासून जोरात होता. खंडेराव महाराजांच्या वेळी बडोद्याला येऊन गेलेला लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी लिहितो, की हत्तीला मस्ती चढावी म्हणून त्याला तीन महिने साखर आणि लोणी चारत.

मी गुरांचा डॉक्टर. नोकरी सगळी शिरोळ-हातकणंगल्याच्या पट्ट्यात झाली, म्हशींच्या कासा आणि बैलांची खुरं बघण्यात जन्म गेला. त्यामुळं साठमारीचं नाव निघालं की मला आधी वैरण दिसते. मस्तीवरचा नर पाळणं म्हणजे काय चीज आहे! कानशिलाजवळच्या ग्रंथीतून तेलकट पाझर सुटतो, खाण्यावरची वासना जाते, आणि दहा वर्षं ज्यानं आंघोळ घातली त्या माहुतालाही तो ओळख देत नाही. असे नर दरबार बाळगू शकला, कारण दरबाराकडं पीलखाना होता. पीलखान्याचा अर्थ नुसता उंच तबेला असा नाही. वैरणीसाठी राखलेली कुरणं, डुंबायला नदी, बापाकडून मुलाकडं आलेली माहुतकी, औषधपाण्याला वैद्य, आणि मुख्य म्हणजे एका हत्तीच्या शेजारी दुसरा हत्ती. खर्च खजिन्यातून. दरबार दयाळू होता असं मला म्हणायचं नाही. ज्यांनी साठमारी बांधली त्यांना दयेचं प्रशस्तिपत्र कोण देईल? पण हत्ती जिवंत आणि पायावर उभा ठेवायला काय काय लागतं, हे तिथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

ते इथं आपोआप कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, कारण आपला मुलूख हत्तीचा नाही. कौटिल्यानं हत्तींची प्रतवारी लावली तेव्हा कलिंग आणि अंग देशांचे उत्तम ठरवले, अपरांताचे म्हणजे आपल्या कोकणपट्टीकडचे मध्यम, सौराष्ट्राचे कनिष्ठ. मध्यम का होईना, तेव्हा इकडं हत्ती होते असं धरावं लागतं. पुढं मात्र महाराष्ट्राला हत्ती बाहेरूनच आणावा लागला. दक्षिणेत म्हैसूर संस्थानात काकनकोट्याच्या जंगलात खेडा करून, म्हणजे हाकारून कुंपणात कोंडून, कळपच्या कळप धरत. सँडरसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७४च्या सुमारास ती पद्धत म्हैसुरात बसवली, आणि शेवटचा खेडा १९७१ साली झाला. उत्तरेत बिहारातल्या सोनपूरचा बाजार, गंगा-गंडकीच्या संगमावर कार्तिकी पौर्णिमेला भरणारा. आमच्या भागातल्या माहुतांच्या तोंडी 'मैल', 'धत्', 'बैठ' असे हिंदुस्तानी हुकूम असत. चंदगडी किंवा शिरोळी बोलीत हत्तीला काही सांगायची सोय नाही.

१ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. सांगली त्याच्या वर्षभर आधी गेलं होतं. तनखे ठरले, खाती बंद झाली. घोड्यांची पागा मोडली, शिकारीचे चित्ते इतिहासजमा झाले, कुरणांची गायरानं झाली, गायरानांवर पुढं काय काय उभं राहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. हत्तीचा मान मात्र शिल्लक राहिला. दारात हत्ती असणं ही मोठेपणाची खूण राजवाड्याकडून देवळांकडं आणि मठांकडं सरकली. त्यांच्याकडं तो आधीही होता, पण तेव्हा अडल्यानडल्याला शेजारी दरबार होता. आता हत्ती एकटा, माहूत एकटा, आणि बांधायला पत्र्याची शेड. माझं सगळं म्हणणं एवढ्या एका फरकात आहे.

दक्षिण महाराष्ट्रातल्या जैन समाजात हत्तीची गरज केवळ शोभेची नाही, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर बाहेरच्या माणसाला वाटतं की हौसेखातर पाळतात. नव्या मूर्तीच्या प्रतिष्ठेला पंचकल्याणक पूजा होते. त्यात तीर्थंकरांचा जन्म झाला की सौधर्म इंद्र ऐरावतावर बसून येतो आणि बाळाला मेरूवर पांडुकशिलेकडं जन्माभिषेकाला नेतो. गावातलं एखादं जोडपं त्या दिवशी इंद्र-इंद्राणी होतं. तो मान मिळावा म्हणून मांडवात सवाल होतात. गुळाच्या सौद्यात बोलतात तसेच चढत चढत, आणि पैसा देवाच्या कामाला जातो. ऐरावत खराखुरा असावा असं इंद्राला वाटणारच. मी स्वतः अशा मिरवणुकांत चाललोय, मुकुट घातलेला ओळखीचा अडत दुकानदार अंबारीतून हात जोडताना पाहिलाय, आणि मलाही भरून आलेलं आहे. जोतिबाचं, गणपतीचं, मठांचं, सगळीकडं या ना त्या रूपात हेच. सांगलीच्या गणपतीचा हत्ती सांगलीकर अजून आठवतात.

मठांनी एक शहाणपणा केला. बहुतेकांनी नर टाळून हत्तीण ठेवली. मस्तीची भानगड नाही, सुळ्यांची भीती नाही, बायका-पोरं सोंडेला हात लावतात. साठमारीला हवा होता तो नर, मठाला हवी होती ती मादी. पण त्यातच एक गोष्ट सुटली. हत्तींत नर एकेकटा फिरू शकतो. मादी जन्मापासून आई, मावश्या, बहिणी यांच्या कळपात राहते. एकटं ठेवायला त्यातल्या त्यात कोण चालला असता, तर नर. आपण नेमकी तिला एकटी ठेवली.

एका मठात (नाव सांगत नाही) मला हत्तिणीचा पाय बघायला बोलावलं होतं. हत्तीचा मी तज्ज्ञ नव्हे, पण तालुक्याला दुसरा कोण असणार? माहुतानं 'बैठ' म्हटलं, ती सावकाश टेकली, पुढचा डावा पाय त्यानं मांडीवर घेतला. पुढच्या पायाला पाच नखं असतात, मागच्याला बहुधा चार. रानात ही नखं चालून चालून झिजतात. इथं ती पुढं वाढून चिरली होती आणि दोन नखांच्या मधल्या चिरेत बोटाचं पेर जाईल एवढा पू. तळव्याच्या गादीला मुताच्या ओलीनं भिजून भिजून शेवाळी वास येत होता. खाली शहाबादी फरशी, उतार चुकलेला. मेंढ्यांच्या पायांना आम्ही मोरचुदाचं पाणी वापरतो, इथं पोटॅशियम परमँगनेटचं कोमट पाणी, मग कानस. माहूत त्यावर हळद आणि कडुलिंबाचं तेल लावत होता, तेही वाईट नव्हतं.

"आठ दिवसांनी मिरवणूक हाय, डॉक्टरसाहेब. तवर उभी ऱ्हाईल न्हवं?" तो म्हणाला.

"उभी राहील. पण चालवू नका."

"मी कोन न्हाई म्हननारा? मला पगार देत्यात ते हितंच." त्यानं देवळाकडं मान केली नाही, कार्यालयाकडं केली.

हत्तीच्या पायाचं दुखणं समजून घेण्यासारखं आहे. हत्ती खरं तर बोटांवर उभा असतो, टाचेखाली चरबीची जाड गादी असते, आणि तीन-चार टनांचा भार त्या गादीवर. तिला माती लागते, वाळू लागते, आणि चाल लागते. मठातल्या हत्तीच्या वाट्याला येतं ते दोन्ही टोकांचं. वर्षातले बहुतेक दिवस साखळीत एकाच जागी, म्हणजे नखं वाढतात आणि गादी कुजते. आणि मग एका चैत्रात अचानक गावोगाव डांबरी रस्ता, म्हणजे तीच नरम गादी सोलवटते. मधला प्रवास ट्रकातून, उभ्यानं. दिवसाला दीडशे-दोनशे किलो वैरण लागते, तिच्या जागी भाविकांची केळी, पेढे, गूळ. उभी राहून ती एकसारखी डोलत असते. गावात म्हणतात हलगीवर नाचते. हलगी थांबली तरी ती डोलतच असते. ते बघायला मात्र कुणी थांबत नाही.

कायदा हळूहळू आला. १९७२चा वन्यजीव कायदा, १९७७ साली हत्ती पहिल्या अनुसूचीत, पुढं मालकीचं प्रमाणपत्र सक्तीचं आणि विक्री बंद. विक्री बंद झाली तसं 'दान' सुरू झालं. २००७ साली जोतिबाच्या डोंगरावर सुंदर नावाचा कोवळा हत्ती असाच दान म्हणून आला. त्याला साखळदंडात ठेवलेलं, मारलेलं बाहेर आलं आणि डोंगरावरची गोष्ट लंडनपर्यंत गेली. बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीनं त्याच्यासाठी पत्र लिहिलं म्हणे. जोतिबाच्या वाडी रत्नागिरीतल्या गुरवांना हा मॅकार्टनी कोण हे विचारावं लागलं असणार. उच्च न्यायालयाचा हुकूम एप्रिल २०१४ला झाला, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला आणि जूनमध्ये सुंदर बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याला गेला, जिथं दुसरे हत्ती आहेत. कोल्हापुरात तेव्हा फारसं कुणी रस्त्यावर उतरलं नाही.

अकरा वर्षांनी उतरलं. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात १९९२ साली आलेली हत्तीण महादेवी, लोकांची माधुरी. अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या उच्चाधिकार समितीपुढच्या अहवालांत पाय कुजणं, वाढलेली नखं, सांधेदुखी, डोकं सतत हलवणं अशा नोंदी होत्या. मठाचं म्हणणं होतं की तिची नीट निगा राखली जाते. १६ जुलै २०२५ला उच्च न्यायालयानं माणसांच्या धार्मिक वापराच्या हक्कापेक्षा हत्तिणीच्या चांगल्या जगण्याचा हक्क वरचा मानला. २८ तारखेला सर्वोच्च न्यायालयात मठाची याचिका टिकली नाही आणि त्याच रात्री ती जामनगरच्या प्राणी-संगोपन केंद्राकडं निघाली. गाव रडत होतं. लेक सासरी निघाल्यासारखं बायकांनी तिला ओवाळलं. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहतंय अशी चित्रफीत मोबाइलवर फिरली, आणि ती मला दाखवून लोकांनी विचारलं, बघा, आता काय म्हणाल? हत्तीला आपल्यासारखी अश्रुनलिका नसते. डोळ्यांतली ओल नाकात उतरत नाही, गालावरून वाहते, सुखातही आणि दुःखातही. हे सांगितल्यावर दोघेजण माझ्याशी बोलायचे बंद झाले. तिला दुःख झालं नसेल असं मी म्हणालो नव्हतो. तेहतीस वर्षांचा माहूत, घंटा, वास सुटला, तिला काहीतरी वाटलंच असणार. पण ते डोळ्यांवरून ठरवता येत नाही, पायांवरून ठरवता येतं.

३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो माणसं मूक चालत गेली. त्यांच्या प्रेमाबद्दल मला तसूभर शंका नाही. ज्या रस्त्यानं ही माणसं चालली तो डांबरी होता आणि संध्याकाळी त्यांच्या पायांची काय अवस्था झाली असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

केरळात, जिथं देवळांच्या हत्तींची गणती शेकड्यांत होते, तिथं त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिळ्ळीच्या कृष्ण मंदिरानं फेब्रुवारी २०२३मध्ये यंत्राचा हत्ती बसवला, कान-सोंड हलवणारा. आमच्याकडंही अलीकडं एका पंचकल्याणकात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फायबरचा ऐरावत पाहिला. रंगकाम बेतास बात होतं. सवाल मात्र कमी चढला नाही, इंद्र तितक्याच ऐटीत बसला होता.

मूक मोर्चाच्या त्या ऑगस्टमध्येच जामनगरच्या केंद्रवाल्यांनी नांदणी भागात पुनर्वसन केंद्र बांधून द्यायची तयारी दाखवली. यादी वाचली: पाण्यात व्यायामाला तळं, पोहायला वेगळं मोठं तळं, साखळीशिवाय मोकळी जागा, वाळूचे ढीग, रबरी फरशी, उपचाराची खोली, रात्रीचा निवारा. म्हणजे पीलखाना, नव्या मालमसाल्याचा. एकच गोष्ट त्या यादीत मला सापडली नाही, ती म्हणजे दुसरी हत्तीण. महादेवीला एकटं आणायचं असेल तर तळी कितीही खणा. सोबत दोन धरल्या तर वैरण दिवसाला पाच-सहाशे किलो होते. इथं कुणीही म्हणेल, शिरोळात उसाला काय तोटा, वाढं घाला की. नुसत्या वाढ्यावर म्हशीचं कॅल्शियम ढासळतं हे मी आयुष्यभर गोठ्यागोठ्यात सांगत आलोय. हत्तीला गवत पाहिजे, वड-पिंपळाचा पाला पाहिजे, साली सोलायला फांद्या पाहिजेत. त्यासाठी मोकळं रान पाहिजे, दहा-वीस गुंठे नव्हे, एकरांनी. पंचगंगेच्या काठाला बागायत जमिनीचा एकरी भाव काय चाललाय, हे सवाल बोलणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.