रामानंद सागर : लेखणीपासून चित्रफलकापर्यंत

आपल्याकडे वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या निर्मात्यांची दखल सहसा घेत नाहीत. हा व्यवसाय धनिकांचा, वाङ्मयाशी त्याचा संबंध तो काय, अशी एक समजूत रूढ आहे. रामानंद सागर यांचे चरित्र पाहिले असता ही समजूत टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

सागर यांचा जन्म २९ डिसेंबर १९१७ रोजी लाहोरनजीक झाला. मूळचे नाव चंद्रमौळी चोप्रा. मातामहीने दत्तक घेतल्यावर ते रामानंद झाले. प्रथम ते लेखक व पत्रकार होते. फाळणीत त्यांस निर्वासित व्हावे लागले आणि त्या अनुभवातून ‘और इन्सान मर गया’ ही उर्दू कादंबरी जन्मास आली. मुंबईस आल्यावर राज कपूर यांच्या ‘बरसात’ (१९४९) या चित्रपटाची कथा त्यांनी लिहिली. ‘पैगाम’च्या (१९५९) संवादांबद्दल त्यांस फिल्मफेअर पारितोषिक लाभले. पुढे ते निर्माते व दिग्दर्शक झाले. ‘आरजू’ (१९६५) आणि ‘आँखें’ (१९६८) हे त्यांचे गाजलेले चित्रपट होत.

अशा प्रस्थापित निर्मात्याने उतारवयात लहान पडद्याकडे वळणे हे त्या काळी साहसच होते. ‘विक्रम और बेताल’ (१९८५) या मालिकेने वाट तयार केली आणि २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले. गुजरातच्या सीमेवरील उंबरगाव येथे तिचे चित्रीकरण होई. ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी रस्ते ओस पडत; कित्येक घरी संचास हार घालून मगच मंडळी बसत. मराठी नटमंडळींचा त्यातील वाटाही लहान नव्हता. दशरथ व कौसल्या झालेले बाळ धुरी व जयश्री गडकर हे प्रत्यक्षातही पतिपत्नी होते. ललिता पवार मंथरा, संजय जोग भरत आणि सुधीर दळवी वसिष्ठ झाले होते.

मालिकेच्या आरंभी आधारग्रंथ म्हणून वाल्मीकी, तुलसीदास, कंबन, कृत्तिवास यांच्याबरोबर एकनाथांच्या ‘भावार्थरामायणा’चाही उल्लेख असे. तथापि तिचा साचा मुख्यत्वे तुलसीदासांचाच राहिला. येथेच खरा प्रश्न उभा राहतो. एकच कथा, एकाच वेळी, एकाच रूपात देशभर दिसू लागली, तर प्रांतोप्रांतीच्या रामकथांचे काय होणार? रोमिला थापर यांच्यासारख्या इतिहासकारांनी ही शंका तेव्हाच मांडली होती. आमच्या भाषेत एकनाथांचे रामायण आहे, श्रीधरांचा ‘रामविजय’ आहे. मोरोपंतांनी तर अष्टोत्तरशत रामायणे रचली, त्यांतले एक ओष्ठ्य वर्ण वगळून! ही विविधता विद्यार्थ्यांच्या मनातून पुसली जाणे ही हानी लहान नव्हे.

परंतु दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. मालिका राज्याभिषेकाशी संपणार असे दिसताच जालंधर येथील सफाई कामगारांनी संप पुकारला. वाल्मीकींस आपले आद्यगुरू मानणाऱ्या या समाजास उत्तरकांड हवे होते, कारण त्यात वाल्मीकी स्वतः कथेत येतात. संपाचे लोण इतर नगरांत पसरले आणि अखेर उत्तरकांडावर स्वतंत्र मालिका निघाली. प्रेक्षक केवळ पाहणारा नसतो, कथेवर तोही आपला हक्क सांगतो, हे यावरून दिसते. एकनाथांचे रामायणही युद्धकांडात थांबले व शिष्य गावबा यांनी ते पूर्ण केले. रामकथेचा शेवट कोणा एकाच्या हाती कधीच नव्हता.

सागर यांस २००० साली पद्मश्री मिळाली आणि १२ डिसेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीच्या काळात त्यांची मालिका पुनः दाखविली गेली, तेव्हा नव्या पिढीनेही ती आवडीने पाहिली. तिच्यावर रागावून शिक्षकांचे काम होणार नाही. पडद्यावर पाहिलेला प्रसंग एकनाथांनी कसा वर्णिला आहे, श्रीधरांनी कसा, हे वर्गात शेजारी ठेवून वाचावे. एका रामायणाने मुलांस दाराशी आणून सोडले आहे. उरलेल्या रामायणांचे दार उघडणे आपल्याकडे आहे.